हिजलतलीचे दयाळ

"बघायला जाऊ नकोस, बुजतात. ऐकायचं असेल तर इथेच ओसरीवर बस," मोतालेब मास्तर म्हणाले.

पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मैमनसिंगहून आलेली ही नाजिफा गावोगाव दयाळ मोजत फिरत होती. एके काळी दर कुंपणावर शेपटी उडवत बसणारा पक्षी. आता कुठे एखादा, कुठे तोही नाही. हिजलतलीच्या चहावाल्याने मात्र तिला आंधळ्या मास्तरांचं घर दाखवलं होतं. त्यांच्या बागेत म्हणे दयाळ मावत नाहीत.

"खरंच एवढे आहेत, चाचा?"

"फणसावर एक जोडी आहे. लिचीवर दुसरी. तळ्याकाठच्या आंब्यावरचा तर महाभांडखोर. दुसऱ्याला फांदीवर टेकू देत नाही."

मास्तरांची मुलगी रोशनारा मुरमुरे आणि गूळ ठेवून गेली. नाजिफाने तिला नाव विचारलं. उत्तर आलं नाही. बांगड्या तेवढ्या आत गेल्या.

"ती बोलत नाही," मास्तर म्हणाले. "पोरगा बुडाला तिचा. नवऱ्याने इथे आणून सोडलं. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, पीर झाले. गळा धड आहे म्हणतात."

नाजिफाने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "एवढे दयाळ एका बागेत असतील, तर आमचे विद्यापीठातले सर स्वतः येतील बघायला."

"सरांना कशाला त्रास? मी सांगतो तेवढं लिहून घे आणि जा."

"न बघता कसं लिहू, चाचा?"

मास्तरांनी मुरमुऱ्यांची थाळी तिच्याकडे सरकवली. "खा," म्हणाले.

ती काही गेली नाही. चहावाल्याच्या घरी मुक्काम केला आणि पहाटेची नमाज आटोपून मास्तर ओसरीवर येतात तोवर हजर झाली.

उजाडता उजाडता घरामागून शीळ आली. लांबलचक, चढत गेलेली, शेवटी हलकेच गिरकी घेणारी. मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला.

शेजारी नाजिफाची घोंगडी सरकली. पावलं अंगणातून भिंतीच्या कडेने मागे निघाली. मास्तरांचा हात काठीकडे गेला. "पोरी," त्यांनी हाक मारली, पण मोठ्याने मारता येईना.

शीळ थांबली नाही. पुन्हा चढली, पुन्हा गिरकी घेतली. बऱ्याच वेळाने ती संपली, आणि पावलं परत आली.

"दिसला?" मास्तरांनी विचारलं.

"चाचा..." नाजिफा धपकन शेजारी बसली. "तुम्हाला घरात कुणीच सांगितलं नाही का? मागे बाग नाहीये. वांगी लावलीत सगळीकडे."

"डोळ्यांच्या ऑपरेशनला मला शहरात ठेवलं होतं, तेव्हा भावाने तोडली. बुंधे अजून काठीला लागतात माझ्या."

"मग शीळ कोण घालतंय, तेही..." ती अडखळली. "तुमची मुलगी वांग्यांत उभी होती. दोन्ही हात तोंडाशी धरून."

"हळू बोल. मला कळलंय हे तिला कळलं, तर थांबेल ती."

आत चुलीपाशी भांडं वाजलं. मास्तर तो आवाज विरेपर्यंत थांबले.

"इस्पितळातून आलो तेव्हा रोज विचारायचो, दयाळ का गात नाहीत म्हणून. सगळे विषय बदलायचे. मग एका सकाळी गायला लागला. पहिले काही दिवस मीही फसलो, पोरी. तू मोजतेस तशा जोड्या मोजल्या, झाडं ठरवली."

"मग कळलं कसं?"

मास्तरांनी चाचपडत पेला उचलला. चहा निवला होता.

"एकदा गाता गाता त्या दयाळाला ठसका लागला," ते म्हणाले, "आणि तो 'आई गं' म्हणाला."