गज नसलेली खिडकी

"या खिडकीला गज का नाहीत गं?" आल्या आल्या तिने आईला विचारलं.

आई हसली. "कुणासाठी लावायचे? इथे आलेल्याला आता पडून काय होणार आहे?"

तरीही तिने खिडकीजवळची खुर्ची उचलून लांब ठेवली. मूल असलेल्या घराची सवय. मूल मात्र खाली राहिलं होतं. भुंगा. या खिडकीतून तो दिसायचा, आणि नवराही.

खोली साधीच. दोन खाटा, दोन कप. तिच्या खाटेवर तिला लागतात तशा दोन उशा आधीच मांडलेल्या, एक डोक्याखाली, एक पोटाशी. आईचं सगळं वेळेआधी तयार असायचं. भुंगा रांगायला लागला तेव्हा आई गेली, पण त्याची पहिली चप्पलसुद्धा आणून ठेवून गेली होती.

खिडकीचं एकच होतं. तिथे उभं राहून कुणाला लाडाच्या नावाने हाक मारली, की ते माणूस इकडे यायचं. कायमचं.

"मग खिडकी बंदच का नाही ठेवत?"

"सक्ती नाही इथे. तिथे तरी कुठे होती?"

"म्हणजे मेल्यावरही पाप करता येतं?"

"येतं की. मन तेच असतं ना, बयो." आईने कपावरचा नसलेला डाग पुसला. "पण करत नाही कुणी."

"कुणीच नाही?"

"चहा गार होतोय तुझा."

ती सारखी खिडकीशी असायची. नवरा भुंग्याला शर्ट उलटा घालायचा, गरम भात न फुंकताच भरवायचा. "अहो, फुंका ना!" ती ओरडायची. ते खाली पोचायचं नाही. पोचलं असतं फक्त नाव.

आपण कशा गेलो हेच तिला अजून पटत नव्हतं. दोनदा इकडे, दोनदा तिकडे बघून रस्ता ओलांडणारी बाई ती. नवरा चिडवायचा त्यावरून. त्या दिवशीही भुंग्याचं औषध घेऊन ती पलीकडच्या फुटपाथवर नीट पोचली होती. मग परत रस्त्यात कशाला वळली, देव जाणे.

एका दुपारी भुंग्याला ताप भरला. नवरा बसल्या बसल्या पेंगत होता. भुंग्याने कपाटातून तिचा स्वेटर ओढून काढला, त्यात तोंड खुपसलं, आणि मग नेमकं वर पाहिलं.

"आई, ये ना."

तिला जाता येत नव्हतं. त्याला येता येत होतं.

इथे ताप नव्हता. रस्ते नव्हते. पडायला काही नव्हतं. मग चूक काय त्यात?

आई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी अडवणार नाही तुला," ती म्हणाली. "कुणी कुणाला अडवत नाही इथे."

तिने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं.

खाली नवरा दचकून जागा झाला. त्याने भुंग्याला मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला. पेजेचा चमचा भरला, तोंडापर्यंत नेला. मग थांबला, आणि फुंकला.

तिने नाव गिळलं. खिडकीकडे पाठ केली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडली. आई केसांतून हात फिरवत राहिली.

"किती सोपं होतं गं," ती म्हणाली. "एक हाक. बस. तू कशी राहिलीस इतके दिवस, मी समोर दिसत असताना?"

केसांतला हात थांबला.

"हळूच मारली होती गं," आई म्हणाली. "मला वाटलं, रस्ता ओलांडलाय तिने, आता काही वळायची नाही."