कठड्यावरचं हसू

टेबलावर फोन थरथरला आणि निजलेल्या घराची शांतता मोडली. माझं पिल्लू उठेल म्हणून मी तो झटकन कानाशी धरला.

समोर मी रंगवत असलेल्या कॅनव्हासवर परदेशच्या एका लांबच्या प्रवासातल्या आम्ही मैत्रिणी, बोटीच्या कठड्याला टेकून हसणाऱ्या.

"माझं तोंड नीट काढ गं बाई," त्यांतलीच एक फोनवर खिदळली, "नाहीतर समुद्रात ढकलीन तुला!"

तिचंच हसू जमत नव्हतं. मी रंगाच्या सुरीने चित्रातल्या तिच्या तोंडावरचा ओला रंग खरवडला.

फोनमधून तिची किंकाळी आली आणि तोंड बुजल्यासारखी अर्ध्यावरच दबली. पात्यावरून रक्त ओघळलं, कोमट.

दचकून माझा हात घसरला. पातं चित्रातल्या माझ्या ओठांवरून फिरलं.

दारात लेक डोळे चोळत उभी होती.

"आई, तुझं तोंड कुठे गेलं?"