चार बोटं

लाल ठिपका काही केल्या दिसेना. टळटळीत उन्हात सरांनी लेझरने अंतर मोजायचं यंत्र आपल्या कुंपणाच्या भिंतीला टेकवलं आणि बोळापलीकडच्या सिमेंटच्या उतारावर रोखलं. बटण दाबलं, आकडा आला. पुन्हा दाबलं, तर वेगळाच. तिसऱ्यांदा यंत्राने माप द्यायचंच नाकारलं.

उतार समोरच्या टेलरने बांधला होता, बायकोच्या चाकाच्या खुर्चीसाठी. गाडीसाठी बोळात नऊ फूट मोकळे सोडायचे, असं दोघांत आधीच ठरलं होतं. तेवढे सुटलेले नाहीत, असं सरांचं म्हणणं. त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि दोन्ही घरांतलं बोलणं बंद पडलं. जावयाने हे यंत्र दिलं तेव्हा सरांना पंच मिळाल्यासारखं वाटलं होतं.

टेलर शिलाई अर्धवट टाकून बाहेर आला. सरांची तारांबळ त्याने पाहिली, आत गेला आणि एक पांढरा पुठ्ठा घेऊन आला. पुठ्ठा उताराच्या कडेला लावून तो उन्हाच्या आड उभा राहिला. त्याच्या सावलीत ठिपका लख्ख उमटला.

“नीट घ्या सर,” तो म्हणाला. “येईल ते मला कबूल.”

सरांनी कोपर भिंतीला टेकवून श्वास रोखला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. नऊ फुटांना चार बोटं कमी.

त्याच संध्याकाळी टेलरने स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन उताराची कड फोडली. घाव ऐकताना सरांचा चहा गार झाला. पण जिंकल्याचं समाधान होतंच.

दुसऱ्या दिवशी सर पुस्तकांच्या फळीसाठी कोनाडा मोजायला बसले. यंत्राचं माप काही पटेना. जुनी टेप लावली, तर यंत्र वीतभर कमी दाखवत होतं, अगदी स्वतःच्या लांबीइतकं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. पडद्यावरच्या यंत्राच्या चित्रात, माप कुठून सुरू होतं ते दाखवणारा बारीक बाण पुढच्या टोकाशी होता. भिंतीला टेकवली होती मागची बाजू, आणि यंत्र मोजत होतं पुढच्या टोकापासून. कड फोडण्याआधीही बोळ नऊ फुटांहून जास्तच होता.

सर अनवाणीच बाहेर आले.

टेलर बायकोला दोन्ही हातांवर उचलून खाली आणत होता. कड गेल्यापासून अरुंद झालेल्या उतारावर खुर्चीची दोन्ही बाजूंची चाकं मावत नव्हती. खाली ठेवलेली खुर्ची सरांनी धरली. टेलरने तिला बसवलं, पाठीमागे उशी सारली आणि कंबरेवर हात ठेवून दम खात उभा राहिला.

“सर, आता निघते ना गाडी नीट?” तिने मनापासून विचारलं. “आमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. उगाच तुमची अडचण झाली.”

सरांनी टेलरकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“ती आधीही निघत होती, वहिनी,” ते म्हणाले. “माझंच माप चुकलं.”

टेलरने खुर्चीचे दांडे धरले आणि ती वळवली. बोळात भरपूर जागा होती, तरी सर अंग चोरून भिंतीला चिकटले.