दोन ते चार

हाक ऐकून रोझी व्हरांड्यातून पळत आली आणि शांतवनच्या मांडीवर चढून बसली. शाळेतल्या नव्या बाईंचं काही सांगता सांगता तिचे शब्द लांबत गेले. पाचच मिनिटांत तिचं डोकं बापाच्या खांद्यावर कललं.

नवराबायकोच्या ताटातुटीनंतर कोर्टाने हुकूम दिला होता: मुलगी आईकडे राहील, बापाने महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, दुपारी दोन ते चार इथंच, कोर्टाच्या व्हरांड्यात भेटावं. त्यासाठी शांतवन मास्तर पाथर्डीहून पहाटेच्या एस्टीने नगरला आला होता. काय काय विचारायचं, ते रस्ताभर घोकत.

"मास्तर, उठवा की पोरीला," पट्टेवाला कारभारी म्हणाला. "येळ चाललाय तुमचा."

"असू दे."

बाहेर दुष्काळातलं ऊन पांढरं पडलं होतं. आत कुठंतरी टाइपरायटर वाजत होता, मग तोही थांबला. रोझीच्या श्वासाबरोबर शांतवनचा श्वास चालू लागला. हात बधिर झाला, मग हात आपला आहे हेच तो विसरला. आपण बाकावर नसून संथ पाण्यावर तरंगतो आहोत आणि पलीकडचा काठ लवकर येऊ नये, एवढंच त्याला वाटत राहिलं.

चारला रोझीची आई दया आली. दवाखान्यातून परस्पर, नर्सच्या पांढऱ्या साडीतच. शांतवन दचकून सावरला आणि रोझीला उचलायला लागला.

"थांबा," दया हळूच म्हणाली. "कधीपासून झोपलीय?"

"आल्यापासून."

"मग झोपू द्या."

"चार वाजले. हुकूम चारपर्यंतचाच आहे."

"हुकूम भेटीचा आहे," दया म्हणाली. "भेट कुठं झालीय अजून?"

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. कारभारी खोल्यांच्या खिडक्या लावत आला, तिघांकडे पाहून घुटमळला आणि वहाणा हातात घेऊन पुढे गेला.

उन्हं व्हरांड्यात उतरली. झोपेतच रोझी खुदकन हसली.

"घरीपण अशीच हसते का?" शांतवनने विचारलं.

"रोज. तुमच्यासारखीच."

आपण झोपेत हसतो, हे शांतवनला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.