खांदा देणारे सहाजण

पुतण्याची शवपेटी मातीत उतरवून लुशियस डेट्रॉइटमधल्या चर्चच्या तळघरात परतला, तेव्हा बाकीचे पाच खांदेकरी अंत्यविधीनंतरच्या जेवणातल्या तळलेल्या कोंबडीवर ताव मारत होते. “पोरगा वाया गेला,” न्हावी ऑर्विल म्हणाला. लुशियसने त्याच्यापुढची बशी उचलून भिंतीवर आपटली. “वाया? तीन वर्षं तो तुझ्या दुकानासमोर नुसता उभा असायचा. एकदा तरी विचारपूस केलीस? मीही नाही केली. मेल्यावर मात्र सहाजणांना सवड मिळाली.” त्याने दाराला कडी घातली. “आजपासून आपलं बंधुमंडळ. प्रत्येकाने एका जिवंत पोराला आधार द्यायचा, दर शनिवारी त्याच्यासोबत बसायचं. त्या पोराचं नाव लिहिल्याशिवाय कुणी बाहेर पडणार नाही.” एकाने टेबलावर कागद-पेन ठेवलं. मग ऑर्विल पुटपुटला, “आधी तू लिही, भाऊ.” लुशियसने कागद ओढला. संताप ओसरला नव्हता. त्याने पुतण्यावर गोळी झाडणाऱ्याच्या धाकट्या भावाचं नाव लिहिलं.