हा कोणाचा?

आत्याने कढईकडे तोंड ठेवूनच उजवा हात मागे केला. "दे," ती म्हणाली.

मागे थोरली भाची दोन लाकडी कालथे घेऊन उभी होती. एक तिने कोरलेला, एक तिच्या धाकट्या बहिणीने. नवा कालथा आत्या आधी कधीच बघत नसे. त्याने कांदा परतायचा, कढईची कड खरवडून बघायची आणि मगच बोलायचं, अशी तिची रीत. तेल लावून चकचकीत केलेल्या लाकडाला डोळे हमखास भुलतात, असं तिचं म्हणणं.

आज नुसती कालथ्याची परीक्षा नव्हती. मागच्या दारी तुतीचा ओंडका येऊन पडला होता. आत्याच्या कालथ्यांच्या कारखान्यात झाड तोडून आणत नाहीत. वाऱ्याने पाडलेलं, रस्ता रुंद करताना उपटलेलं, मोडक्या दाराच्या चौकटीचं, असंच लाकूड चालतं. तेव्हा कालथ्याला सगळ्यात चांगली अशी तुती हवी तर ती कुणाच्या तरी परसात आपणहून पडायची वाट बघत बसायचं. थोरली बरीच वर्षं बसली होती. आणि काल जेवताना आत्या सहज बोलून गेली, "उद्या जिचा कालथा हाताला बरा लागेल, तिने ओंडका घ्यावा."

तेव्हापासून थोरलीला अन्न गोड लागत नव्हतं. धाकटीला या कामात येऊन धड वर्षही झालं नव्हतं. पण तिचा कालथा हातात आला की आत्या हटकून विचारायची, "हा कोणाचा गं?" मग दोघींची डोकी एकत्र, बोलणं, हसणं, चहा गार होईपर्यंत. थोरलीचा कालथा आत्या वापरायची आणि बरणीत उभा करून ठेवायची. तो कोणाचा, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

थोरलीने आधी आपला दिला. आत्याने कांदा परतला, कड खरवडली आणि कालथा ओट्यावर ठेवला. हात पुन्हा मागे केला.

मग धाकटीचा दिला. तो कढईत दोनदा फिरला आणि थांबला. आत्याने दांड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा परतून बघितलं.

"हा कोणाचा?"

धाकटी मागच्या दारी ओंडक्याच्या टोकांना मेण फासत होती. टोकं उघडी राहिली की लाकूड भराभर सुकून तडकतं. म्हणजे स्वयंपाकघरात तिसरं कोणी नव्हतं.

"माझा," थोरली म्हणाली.

म्हटलं आणि तिचे कान तापले. तेवढ्यात मेणाचं भांडं पुन्हा गरम करायला आलेली धाकटी दारात थबकली. तिने ऐकलं होतं.

आत्याने मान वळवली नाही. ओट्यावरचा पहिला कालथा उचलून तिने परत कांद्यात घातला.

"तुझा हा," ती म्हणाली. "तुझा कधी विचारावा लागलाय का मला? हातात आला की कळतो. पण तो दुसरा याच्याहून सरस उतरलाय. म्हणून विचारते. कोणाचा?"

इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी थोरलीचा जीव टांगणीला लागला होता, ते आज मिळाले, आणि त्यांच्या पाठोपाठ हेही. तिला तोंड वर करवेना.

"ताईचाच आहे, आत्या," धाकटी दारातून म्हणाली. "मी या आठवड्यात कुठे काय कोरलंय."

कांदा करपत आला होता. आत्याने आच कमी केली.

"बरं," ती म्हणाली. "मग ओंडका तिचा."

थोरलीने धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे राग असता, एखादा टोमणा असता, तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण धाकटी मेणाचं भांडं घेऊन शेजारच्या शेगडीशी उभी राहिली, जणू काही झालंच नव्हतं. आपल्याला हे जन्मात जमलं नसतं, आणि हिला किती सहज जमलं. थोरलीचा मघापेक्षा जास्त जळफळाट झाला.

मेण वितळलं तशी धाकटीने भांडं फडक्यात धरलं आणि तिच्यापुढे केलं.

"एक टोक राहिलंय, ताई. तूच लाव. ओंडका तुझा आहे."