केंद्राची तपासणी

बुधवार, दिनांक १२ मार्च २०२५ रोजी, सकाळी आठ वाजता, रोह्यालगतच्या वरसे गावी, निवृत्त दस्तलेखक गोविंदनाना आपले लोखंडी कपाट बंद करीत होते. तेवढ्यात त्यांची सून रोहिणी एक पाकीट घेऊन आली.

"नाना, काल तुम्ही देवळात होतात तेव्हा आलं. आत काय आहे ते..."

"ते विचारायचं नाही. वहीत नोंदलंस ना? ठेव."

चाळीस वर्षे लोक त्यांच्याकडे कागद सांभाळायला ठेवीत आले होते. पाकीट उघडायचे नाही आणि आत काय हेही विचारायचे नाही, हा नानांचा नेम होता. किल्ली कनवटीला लावून ते निघाले.

काम सीताबाईंचे होते. पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबलेल्या या बाईंनी, कोणत्या उधाणाला खारबांध कुठे फुटला, याची बावीस वर्षांची टिपणे ठेवली होती. पहिली दहा वर्षे एका ब्लॉगवर चढवली. मूळ वही पुढे पाण्यात गेली. मग ब्लॉग चालवणारी कंपनीच बंद पडली आणि ती दहा वर्षे कायमची पुसली गेली.

उरलेली बारा वर्षे एका वहीत होती. ती वाळवीच्या तोंडी पडण्यापूर्वी नव्या ब्लॉगवर जायला हवी होती. हा ब्लॉग विकेंद्रित असल्याचे सांगत: तीन गावांत तीन संगणक, प्रत्येकावर संपूर्ण नक्कल, आणि मजकूर पुसायचा तर तिघांपैकी दोघांचे परवलीचे शब्द आवश्यक.

"नाना तपासून व्हय म्हनतील, तरच वही देईन," असे सीताबाईंनी बजावले होते.

नानांचा विश्वास नव्हता. व्यवस्था आहे तेथे केंद्र असतेच. ते फक्त दाखवले जात नाही, असे त्यांचे मत होते.

निडीला सगुणाच्या पडवीत, वालाच्या पोत्यांशेजारी, पहिला संगणक होता. नानांनी तो बंद केला आणि आपल्या फोनवर ब्लॉग उघडून पाहिला. उघडला.

"परवलीचा शब्द कुठे ठेवलास?"

"घरात नाय ठेवला. आमच्या घरात लपवलेला गूळसुदा ऱ्हात नाय."

"मग कुठे?"

सगुणा हसली. "नाना, तुमीच इचारता व्हय?"

तपासणाऱ्याने असे विचारणे गैरच, हे नानांना पटले. बाई सावध आहे, अशी त्यांनी नोंद केली.

जिते गावी प्रवीण शिफ्ट संपवून नुकताच आला होता. त्याचाही संगणक बंद केला. ब्लॉग चालूच राहिला.

"शब्द पाठ आहे?"

"तीनदा विसरलो, नाना. चौथ्यांदा लिवला नि बंदोबस्तात ठेवला."

"कुणी वाचला तर?"

"तिथं? छ्या. तिथं कुनी वाचत नाय."

दुपारी नाना खाडीकाठी पोहोचले. सीताबाईंनी ताक दिले. त्यांचाही संगणक बंद करून पाहिला, आणि बारा वर्षांची वही समोर ठेवलेली असताना नानांनी अहवालाचे शेवटचे वाक्य लिहिले. हरल्याचा त्यांना विलक्षण आनंद झाला होता.

सीताबाईंनी चष्मा लावून वाचले. "'केंद्र आढळले नाही.' ही वळ खोडा."

"कारण सांगा. तिन्ही यंत्रे मी स्वतः बंद करून पाहिली."

"यंत्रांत खोट नाय. शब्द कुठं ठेवू, असं सगुणानं मला इचारलं. प्रवीणनंबी इचारलं. दोघांना मी एकच जागा सांगितली. माझाबी तिथंच हाय."

"कोणती जागा?"

सीताबाईंनी वही पुन्हा फडक्यात गुंडाळली, पण बाजूला ठेवली नाही; मांडीवरच धरली.

"उद्या ज्याचं त्याला परत करा, मंग ही वही खुशाल न्या. आज मात्र केंद्र हाय, नाना. तुमच्या कपाटात."